शब्दचर्चा: ‘प्रगत सेटिंग्ज’मधलं ‘प्रगत’ काय?

मामांकडे त्यांच्या लग्नाची, १९९३ सालची व्हीएचएस कॅसेट होती. ती संगणकात उतरवून आणली तर चाळीस मिनिटांची फाइल जवळजवळ नऊ जीबीची. हँडब्रेक या व्हिडिओ बदलणाऱ्या मोफत प्रोग्रॅममध्ये घालून ती लहान कशी करायची, याचं मराठी टिपण मी मामांसाठी लिहायला घेतलंय. पहिल्याच ओळीत अडलो. ‘ॲडव्हान्स्ड’साठी ‘प्रगत’ लिहिलं, तर मामा म्हणाले, “मग ते आपल्यासाठी नाही.” दुसरा शब्द सुचवा. कन्व्हर्जन, लॉसी, बिटरेट, आरएफ, डीइंटरलेस आणि कीफ्रेम यांच्यासाठीही.

प्रतिसाद १
मामांचं बरोबर आहे. प्रगत राष्ट्र, प्रगत शेतकरी, आणि आता प्रगत बटण! सरळ ‘बारकावे’ लिहा.

‘रूपांतर’ मात्र जपून वापरा, कारण कन्व्हर्ट या एका शब्दाखाली दोन निराळी कामं चालतात. एमपी४ आणि एमकेव्ही हे फाइलींचे प्रकार म्हणजे नुसते डबे. (एमकेव्हीचं पूर्ण नाव मात्रोस्का, त्या बाहुलीत बाहुली असलेल्या रशियन खेळण्यावरून आलेलं.) आतली भाजी म्हणजे एच.२६४ वगैरे पद्धतीने दाबून साठवलेलं चित्र. भाजी तीच ठेवून डबा बदलला तर काम मिनिटभरात होतं आणि चित्राला धक्का लागत नाही. याला ‘डबा बदलणे’च म्हणा. हँडब्रेक ते करत नाही, चित्र ते दर वेळी नव्याने शिजवतं. नुसता डबा बदलायचा तर एफएफएमपेग हा दुसरा प्रोग्रॅम. आवाज मात्र हँडब्रेक मूळचाच उचलू शकतं. तिथे यादीत ‘पासथ्रू’ दिसेल, त्यापुढे ‘जसाच्या तसा’ असं लिहा.

प्रतिसाद २
लॉसीला, म्हणजे फाइल लहान करताना थोडा दर्जा गमावण्याला, कुणीतरी ‘हानिकारक’ केलेलं वाचलंय. जणू फाइल बघून पित्त होईल! आमच्या घरी सोनारकाम होतं, म्हणून सुचवतो: ‘घट’. दागिना आटवला की घट धरतात. पुन्हा आटवला, पुन्हा घट. व्हिडिओचंही तसंच, म्हणून मूळ फाइल पुसू नका. लॉसलेस म्हणजे ‘बिनघट’.

प्रतिसाद ३
‘घट’ सुंदर! बिटरेटला, म्हणजे सेकंदाला किती डेटा खर्चायचा त्याला, ‘बिटदर’ चालावा, कारण आपण ‘दर सेकंदाला’ म्हणतोच. मामांना हिशेबही द्या. सेकंदाला २००० किलोबिट गुणिले २४०० सेकंद, भागिले ८, म्हणजे साधारण ६०० एमबी. आवाजाचे वेगळे.

पण बिटदर ठरवला की आकार कळतो, दर्जा कळत नाही. आरएफचं (रेट फॅक्टर, म्हणजे दर्जाचा आकडा) उलटं असतं: दर्जा आपण ठरवायचा, आकार होईल तो होईल. या शब्दाचं भाषांतर करू नका. ‘दर-गुणक’ वाचून कोणालाही काही कळणार नाही. आकडा उलटा चालतो एवढं मात्र ठळक लिहा. तारेच्या गेजासारखा: आकडा वाढला की तार बारीक. एक्स२६४ मध्ये (हा एच.२६४ चित्र तयार करणारा एन्कोडर) ० ते ५१ अशी पट्टी आहे, आणि व्हीएचएसच्या मापाच्या चित्राला १८ ते २२ पुरे. सहाने खाली आलात तर फाइल ढोबळमानाने दुप्पट होते. ‘शून्य म्हणजे सर्वात भारी’ म्हणून मामांनी शून्यावर नेलं, तर नऊ जीबीतून सुटका नाही.

प्रतिसाद ४
‘प्रिसेट’चा घोळ राहिला. हँडब्रेकमध्ये हा शब्द दोनदा भेटतो. वरचा म्हणजे सगळी मापं आधीच लावून ठेवलेली ‘तयार मांडणी’. चित्राच्या पानावरचा, फास्ट-स्लो असं लिहिलेला, म्हणजे फक्त एन्कोडरची ‘चाल’. चाल मंद केली की वेळ जास्त लागतो, पण त्याच आरएफला फाइल बहुधा लहान होते. सर्वात मंद चालीचं नावच ‘प्लासिबो’, म्हणजे औषध नसलेली, नुसत्या समाधानाची गोळी, असं ठेवलंय. बनवणाऱ्यांनीच कबुली दिली म्हणायची!

प्रतिसाद ५
आम्ही तेव्हा लग्नांचं शूटिंग करायचो. आपल्याकडचा टीव्ही सेकंदाला २५ चित्रं दाखवायचा, पण प्रत्येक चित्र दोन हप्त्यांत: आधी एकाआड एक रेघा, मग उरलेल्या. इंटरलेस ते हेच. शब्दही तोच घ्या: ‘एकाआड’. ‘आंतरग्रथित’ नको. संगणकावर दोन्ही हप्ते एकदम दिसतात, म्हणून अक्षता टाकणाऱ्या हाताला फणीचे दात फुटतात. हँडब्रेकमधल्या गाळणीचं नावही ‘डीकॉम्ब’च आहे. ‘फणी काढणे’ लिहा, मामींनाही कळेल.

प्रतिसाद ६
कीफ्रेमला ‘कळचौकट’ किंवा ‘किल्ली-चौकट’ नको, इथे कसलंही कुलूप नाही. चौकट म्हणजे व्हिडिओतलं एक चित्र; त्यांतली अशी चौकट तेवढी पूर्ण साठवलेली असते, मधल्या चौकटींत मुख्यतः बदल तेवढे नोंदतात. म्हणून व्हिडिओ पुढे सरकवला की प्लेअर हिच्यापासून सुरुवात करतो. मी ‘सम’ म्हणेन. गवई कुठेही फिरला तरी समेवर येतो.

प्रतिसाद ७
सम ठरल्या मात्रेवर येते हो. ही चौकट दृश्य बदललं की मध्येच येते. जास्तीत जास्त किती अंतर, एवढंच ठरलेलं. एक्स२६४ मध्ये मुळात २५० चौकटी, म्हणजे आपल्या कॅसेटला दहा सेकंद. साधं ‘पूर्ण चौकट’ म्हणा. ‘सम’ कवितेसाठी ठेवा.

प्रतिसाद ८
हे सगळं छान, पण मामांना पडद्यावर बटण सापडायचंय! तिथे ‘फणी’ लिहिलेलं नाही. आधी पडद्यावरचा शब्द देवनागरीत, मग हा खुलासा.

धागाकर्ता
पटलं. ‘बारकावे’, ‘डबा’, ‘घट’, ‘चाल’, ‘एकाआड’, ‘पूर्ण चौकट’ घेतले, आरएफ तसाच ठेवला. ‘सम’ सोडताना जिवावर आलं. आता एकच उरलं: चित्र कोणत्या प्रकारचं आहे ते एन्कोडरला सांगायच्या ‘ट्यून’च्या यादीत ‘ग्रेन’ आहे. ‘रवाळ’ लिहू का?

प्रतिसाद ५ देणारा
रवाळ उत्तम. पण या कॅसेटला ते लावू नका. ते फिल्मवरचा रवा जपण्यासाठी आहे, आणि तुमच्या कॅसेटवर रवा नाही, मुंग्या आहेत. त्या जपायला गेलात तर फाइल त्यांनीच भरेल.