एअर शो: बघितलेले, केलेले, घरात सोसलेले. वैमानिकांचा जीव पणाला लावण्याइतकं त्यात काही आहे का?

दुबईच्या एअर शोमधे २१ नोव्हेंबर २०२५ ला आपलं तेजस लढाऊ विमान कोसळलं, विंग कमांडर नमांश स्याल गेले, आणि त्यानंतर आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर नुसती हाणामारी. एक पार्टी म्हणे हे तमाशे कायमचे बंद करा, दुसरी म्हणे एवढी भीती वाटते तर हवाई दलात जाऊच नका. गंमत म्हणजे दोन्हीकडच्या बहुतेकांनी एअर शो फक्त मोबाइलवर बघितलेला. मी पण त्यातलाच, लोहगावला राहतो त्यामुळे डोक्यावरून सुखोई जातं, पण तो काही शो नव्हे. म्हणून हा धागा. मैदानात उभं राहून ज्यांनी बघितलंय, तिथे काम केलंय, किंवा घरातलं कोणी उडवतं, त्यांनी लिहा. मतं नंतर, आधी अनुभव. आणि ते छाती फुगवणारे फॉरवर्ड प्लीज नकोत.

वाळवंटी
मी त्या दिवशी तिथेच होतो, कंपनीच्या स्टॉलवर. शेवटचा दिवस त्यामुळे हॉलमधे अर्धे लोक आवराआवरीत, कोण ब्रोशर खोक्यात भरतंय, कोण चहा शोधतंय, आणि अचानक बाहेरून लोक आत न येता सगळे आतून बाहेर पळायला लागले. मला पडताना दिसलं नाही, नुसता काळा धूर दिसला. शेजारच्या स्टॉलवरचा एक मल्याळी मुलगा होता, आम्ही दोघंही इंडियन म्हणून एकमेकांकडे बघत राहिलो, काय बोलणार. खरं हलवून टाकलं ते पुढच्या गोष्टीने. थोड्या वेळाने परत विमानं उडायला लागली. परत म्युझिक, परत अनाउन्समेंट. अमेरिकेच्या एफ-१६ टीमने मात्र आपलं शेवटचं प्रदर्शन रद्द केलं. मला वाटतं उत्तर तिथेच आहे, जे स्वतः उडवतात त्यांना थांबावंसं वाटलं आणि जे भरवतात त्यांना नाही.

बिदरचा_ग्राउंडक्रू
नमस्कार. उदगीरचा आहे, हवाई दलात टेक्निकल ट्रेडला नोकरी केली, त्यातली काही वर्षं बिदरला. सूर्यकिरण, म्हणजे हवाई दलाची कसरती करणारी टीम, १९९६ ला तिथंच उभी राहिली, तेव्हा किरण मार्क टू विमानं होती, हॉक विमानं नंतर आली. लोकांना वाटतंय पायलट सकाळी उठला, विमानात बसला आणि उलटा झाला. तसं नसतंय बाबांनो. आधी दोन विमानं, मग तीन, मग चार, अशी जोडत जोडत नऊपर्यंत जायचं, आणि सगळं आधी उंचावर, तिथं पक्कं झालं की मग खाली. उड्डाणाच्या आधी ब्रीफिंगला सगळे खुर्चीत बसून डोळे मिटून आख्खा शो करतात, लीडर रेडिओवर बोलतो तसा बोलतो आणि बाकीच्यांचे हात स्टिक धरल्यासारखे हलत असतात. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला हसू आलं होतं. नंतर कधीच आलं नाही. पंखाच्या टोकाला पंखाचं टोक, मधे जेमतेम पाच मीटर.
आता एक सांगतो. बिदरला २००६ ला दोन पायलट गेले, २००९ ला एक. २०१९ ला बेंगळुरूजवळ येलहंकाला दोन हॉक धडकली, विंग कमांडर साहिल गांधी गेले, तो तिथल्या एअरो इंडिया शोच्या आदला दिवस होता. यातलं एकही पब्लिकच्या शोमधे नाही. सगळं सरावात. टाळ्या वाजवायला कोण नसताना.

गिरगावकरीण
बापरे, हे डोक्यातच आलं नव्हतं. आम्ही जानेवारी २०२४ ला मरीन ड्राइव्हला गेलो होतो, सासूबाईंना घेऊन, दुपारी ऊन होतं पण समुद्रावरचा वारा त्यामुळे निभावलं. सूर्यकिरणची विमानं नरिमन पॉइंटकडून आली तेव्हा आख्खी चौपाटी एकदम ओरडली आणि माझ्या अंगावर काटा आला, उगाच कशाला खोटं बोलू. माझा मुलगा आठवीत आहे, तेव्हापासून एनडीए एनडीए चालू आहे, भिंतीवर पोस्टर, सकाळी पळायला जातो (जे मी दहा वर्षं सांगून झालं नव्हतं). म्हणजे शोचा उपयोग झालाच की. पण दुबईचा व्हिडिओ आला तेव्हा त्याने तो चार वेळा बघितला आणि मी स्वयंपाकघरातून फक्त आवाज ऐकत होते. पोरं घडवण्यासाठी शो पाहिजेत असं म्हणणाऱ्यांनी कोणाची पोरं ते पण बोलावं.

गेट_हाइट
विमानवेडा आहे, सिम्युलेटरच्या पलीकडे काही उडवलेलं नाही, पण अपघाताचे रिपोर्ट वाचायची सवय आहे. लूप, म्हणजे हवेत उभा गोल, मारताना वरच्या टोकाला एक किमान उंची ठरलेली असते, तिला गेट म्हणतात. तेवढी उंची आणि वेग नसेल तर खाली ओढायचं नाही, रोल करून निघून जायचं, बस. इंग्लंडमधे शोरहॅमच्या शोमधे २०१५ ला हॉकर हंटर पडलं त्यात किमान ३,५०० फूट पाहिजे होते, विमान पोचलं सुमारे २,७०० ला, तरी खाली ओढलं गेलं. वैमानिक वाचला, जमिनीवर ११ जण गेले, तेही रस्त्याने चाललेले वगैरे. अमेरिकेत २००३ ला थंडरबर्ड्सचं (तिथल्या हवाई दलाची कसरतींची टीम) एफ-१६ पडलं, त्यात तर उंचीचं गणितच वेगळ्या विमानतळाच्या हिशेबाने झालं होतं, शो होता त्या माउंटन होमची जमीन जास्त उंच. वैमानिक जमिनीवर आपटायच्या सेकंदभर आधी इजेक्ट झाला आणि जगला. नंतर त्यांनी त्या कसरतीची उंची वाढवली.
माझा मुद्दा, वाढवली तेव्हा प्रेक्षकांपैकी कोणाला कळलं तरी का? पब्लिकला पाचशे फूट आणि हजार फूट यातला फरक दिसत नाही. तो फरक वैमानिकाला दिसतो. जर्मनीत रामस्टाइनच्या शोमधे १९८८ मधे ७० माणसं मेल्यावर प्रेक्षकांना लांब बसवायचे नियम कडक झाले, विमान गर्दीच्या दिशेने आणायचं नाही वगैरे. प्रेक्षक बऱ्यापैकी सेफ झाले. कॉकपिटमधला माणूस आहे तिथेच आहे.

चेन्नईस्थित
विषय थोडा सोडून. ६ ऑक्टोबर २०२४, मरीना बीच. विमानं सगळी सुखरूप उतरली, खाली ऊन आणि गर्दीने पाच माणसं गेली. आम्हाला परत येताना स्टेशनच्या जिन्यावर पाय ठेवायला जागा नव्हती, पाण्याची बाटली मिळाली नाही. बास एवढंच.

बहीण_म्हणून
नाव नको. माझा भाऊ फायटर पायलट आहे, डिस्प्लेवाला नाही, साधा स्क्वाड्रनमधला. मिग-२१ २०२५ च्या सप्टेंबरात निवृत्त झालं तेव्हा आमच्या आईने देवापुढे साखर ठेवली होती, यावरून समजून घ्या. त्या विमानाने जेवढे घेतले तेवढे कुठल्या शोने घेतले नाहीत, त्यामुळे शो बंद केला की पोरं वाचतील हे मला पटत नाही. पण मला वेगळीच गोष्ट टोचते. रोजच्या उड्डाणात हवा बरी नाही, विमान बरोबर वाटत नाही, तर तो नाही म्हणू शकतो, उद्या उडू. शोला मंत्री आलेले, कॅमेरे लागलेले, मिनिटामिनिटाचा कार्यक्रम छापलेला. तिथे नाही कोण म्हणणार? हे त्याला विचारलं तर हसला, म्हणे उलट शोमधे सगळं आधीपासून ठरलेलं असतं, मला त्यात कमी भीती वाटते. आता तो मला बरं वाटावं म्हणून बोलला की खरंच, कोण जाणे. फोनवर नेहमी असंच बोलतो.

भाग्यनगरी
३ मार्च २०१०, हैदराबादचा एअर शो, बेगमपेट विमानतळाच्या बाजूला आमचं ऑफिस होतं. नौदलाची कसरतींची सागर पवन टीम, चार किरण विमानं. गच्चीवरून बघत होतो. एक विमान वर आलंच नाही. बोवेनपल्लीत इमारतीवर पडलं, दोन्ही नौदल अधिकारी गेले. शहरात, घरांच्या वर, दाट वस्तीत हे करायचं कशाला हा माझा साधा प्रश्न, जो तेव्हाही होता.

ओझरकर
तेजस बनवणाऱ्या एचएएलमधे काम करतो, मत वैयक्तिक. दुबई, पॅरिसला विमान नुसतं उभं करून विकलं जात नाही, गिऱ्हाइकाला ते हवेत वळताना बघायचं असतं हे खरंय. पण खरेदी करणारा हवाई दलवाला टाळ्यांवर विमान घेत नाही, तो स्वतःचे पायलट पाठवतो, महिनोन्‌महिने चाचण्या घेतो, सुट्या भागांचं विचारतो. मग शेवटच्या दिवशी, सौदे बोलून झालेले असताना, जमिनीलगतची कसरत कोणासाठी? दुबईनंतर दुसऱ्या दिवशी आमच्याकडे कॅन्टीनमधे कोण जोरात बोललं नाही.

लोहगावकर (धागाकर्ता)
@बिदरचा_ग्राउंडक्रू काका, एक विचारू? शो बंद केला तर हा सरावही बंद होईल आणि तुम्ही म्हणता त्यातलेच सगळे वाचतील, असं नाही का?

बिदरचा_ग्राउंडक्रू
होईल की. मी शोच्या बाजूने बोललो असं कुठं म्हटलं. फॉर्मेशन उडवणं पायलटला लागतंच, ते राहू द्या, ते उंचावर पण होतं. नऊ विमानं, पाच मीटर, आणि तेही जमिनीपासून एवढ्या खाली, हे लढाईत कुठं लागत नाही. २०११ ला टीम बंद झाली, किरण विमानं शिकाऊ पायलटांना पाहिजे होती म्हणून. काही वर्षं सूर्यकिरण नव्हती, तेवढ्यात देशाचं काय अडलं? पुन्हा सुरू झाली तेव्हा आनंद मला पण झाला, घरात सगळ्यांना बोलावून टीव्ही लावला, ते वेगळं. मी पोरांना एवढंच सांगतो, शो ठेवा, पण आणखी पाचशे फूट वर न्या. गेट हाइटवाले म्हणतात तसं, खालच्याला काय कळतंय.