नाईट किंग कसा तयार झाला ते कळल्यावर तुमची भीती कमी झाली का? (गेम ऑफ थ्रोन्स, सीझन ६, स्पॉयलर आहेत)

खाडीपलीकडचा (देवगड)

गेम ऑफ थ्रोन्स परत बघायला घेतलंय, या वेळी धाकटा भाऊ सोबत आहे, त्याने आधी कधीच बघितलं नव्हतं. काल रात्री सहाव्या सीझनचा पाचवा भाग झाला, 'द डोअर'. ज्यांनी बघितलं नसेल त्यांनी इथूनच मागे फिरा, पुढे सगळं उघड लिहिलंय.

२०१६ च्या मे महिन्यात हा भाग आला तेव्हा जो तो होडोरबद्दलच (ब्रॅन स्टार्क या पांगळ्या पोराचा धिप्पाड सोबती, या भागात मरतो) बोलत होता, आणि ते बरोबरच होतं, तो शेवट बघून कोण गप्प बसेल. पण त्या नादात नाईट किंगची, म्हणजे मेलेल्यांना उठवणाऱ्या व्हाइट वॉकरांच्या राजाची, गोष्ट बाजूला पडली असं मला कायम वाटतं. म्हणजे बघा ना, चौथ्या सीझनमध्ये जो क्रास्टरच्या तान्ह्या पोराच्या गालाला बोट लावतो आणि पोराचे डोळे निळे होतात, हार्डहोम या किनाऱ्यावरच्या वस्तीत जो मालिकेचा नायक जॉनकडे बघत नुसते दोन हात वर करतो आणि किनाऱ्यावरची सगळी प्रेतं उठून उभी राहतात, तो मुळात एक माणूस होता. आपल्यासारखा. झाडाला बांधलेला, भोवती दगडांची चक्राकार मांडणी, आजूबाजूला सगळं हिरवंगार, आणि ती लीफ, जंगलात राहणाऱ्या चिल्ड्रन ऑफ द फॉरेस्ट या प्राचीन जमातीतली, येते आणि काळ्या ड्रॅगनग्लासचं (ज्वालामुखीच्या काचेचं) पातं त्याच्या छातीवर ठेवून दाबत जाते. एका झटक्यात भोसकलं असतं तर एवढं लागलं नसतं मनाला. ती सावकाश दाबते, आणि आपल्याला त्याचा चेहरा पूर्ण वेळ दिसत राहतो, मग डोळे निळे.

हे सगळं दृष्टान्तात बघणारा ब्रॅन तिला विचारतो की तुम्हीच या व्हाइट वॉकरना बनवलंत? तर ती सांगते की लढाई चालू होती, आमची माणसं मारली जात होती, आमची पवित्र झाडं तोडली जात होती. कोणापासून वाचायचं होतं विचारल्यावर म्हणते, तुमच्यापासून, माणसांपासून.

भाऊ म्हणाला की आता मला याची भीतीच वाटणार नाही, व्हिलनचं मागचं सांगितलं की तो व्हिलन राहत नाही. मला ते पटलं नाही. माझी तक्रार वेगळीच आहे, त्याच्यावर काय केलं ते दाखवलं पण तो कोण होता ते काहीच नाही, गाव कुठलं, घरी कोण होतं, त्यालाच का पकडला, नाव काय त्याचं. त्यामुळे आठव्या सीझनला ब्रॅनची बहीण आर्या त्याला मारते तेव्हा मला फक्त सुटल्यासारखं वाटलं, त्याच्याबद्दल काहीच वाटलं नाही, आणि ते वाटायला हवं होतं. तुम्हाला काय वाटतं?

सड्यावरची

तुझा भाऊ बरोबर बोलतोय. माझी भीती त्याच दिवशी गेली. पाच सीझन तो कुठून येतो, का येतो कळत नव्हतं म्हणूनच तर घाम फुटायचा. पहिल्या सीझनच्या अगदी पहिल्या सीनमध्ये बर्फात ते तुकडे करून मांडलेले मृतदेह आठव. का मांडलेत, कोणी मांडलेत, काही म्हणजे काही माहीत नाही आणि तिथेच काळजात धस्स होतं. कारण कळलं की आपण डोक्याने विचार करायला लागतो आणि मग घाबरणं संपतं. एवढंच.

जत्रेतलो प्रेक्षक (कुडाळ)

माका विचारशीत तर भीती वाढली. आणि सड्यावरची ताई, रागवू नको गो, पण कारण कळल्यावर भीती जाते हे मला अजिबात पटत नाही.

आपल्याकडे दशावतारात, कोकणातल्या लोकनाट्यात, बघा. जत्रेला रात्री उशिरा सुरू होतो तो पार पहाटेपर्यंत, आणि आख्यानातला राक्षस कोण, कुठला, त्याला कोणाचा वर आणि कोणाचा शाप हे समोर बसलेल्या म्हाताऱ्यांपासून पोरांपर्यंत सगळ्यांना पाठ असतं. हिरण्यकश्यपू म्हणजे वैकुंठाच्या दारावरच्या जय-विजयांपैकी एक, सनकादिक ऋषींना दारात अडवलं म्हणून शाप मिळाला, आणि सात जन्म भक्त होऊन राहायचं की तीन जन्म वैरी होऊन लवकर परत यायचं असं विचारल्यावर त्यांनी वैर निवडलं. ही गोष्ट माहीत असूनही तो मुकुट घालून पेटीच्या आणि झांजेच्या आवाजावर मंचावर येतो तेव्हा पुढच्या रांगेतलं पोर आईच्या पदरात शिरतंच की.

पण देवगडकर दादा, तुझी तक्रार मात्र शंभर टक्के खरी. आपल्या राक्षसाला बोलायला मिळतं. दशावतारात लिहून दिलेले संवाद नसतात, नट उभ्या उभ्या बोलतो, आणि चांगला नट असला तर राक्षसाची बाजू अशी मांडतो की देवाचं काम करणाऱ्याला उत्तर सुचत नाही, मी स्वतः बघितलंय, सगळी जत्रा टाळ्या वाजवत होती राक्षसाला. मग तो मरतो तेव्हा हळहळ वाटते. नाईट किंगला अख्ख्या मालिकेत एक शब्द नाही. एकही नाही! छातीत पातं घुसताना त्या माणसाला निदान एखादं नाव तरी घेऊ द्यायचं, आईचं घेऊ दे, बायकोचं घेऊ दे. मग आर्याच्या खंजिराने तो फुटला तेव्हा ते नाव आपल्याला आठवलं असतं.

शिरोड्याची

मी हा भाग बघितला तेव्हा मला पहिल्यांदा आठवला तो आमच्या शेजारचा आरवलीचा वेतोबा. कोणी गैरसमज करून घेऊ नका, तुलना करत नाहीये, देव तो देव. पण वेताळ म्हणजे भुतांचा राजा, आणि तोच आमच्याकडे राखणदार. रात्री गावावरून फेरी मारतो म्हणून त्याला चामड्याच्या मोठाल्या चपलांचा जोड वाहतात, केळ्यांचा घड देतात, आणि फिरून फिरून त्या चपला झिजतात असं लहानपणापासून ऐकत आलोय. म्हणजे मेलेल्यांवर ज्याची सत्ता तो आपलं रक्षण करतो, हे आम्हाला नवीन नाही.

लीफच्या लोकांनाही राखणदारच हवा होता. झाडांना राखणारा, त्यांच्या लेकरांना राखणारा. फक्त त्यांनी तो दुसऱ्याचा माणूस पकडून, बांधून, त्याला न विचारता केला. राखणदाराला आम्ही मान देतो, त्याचं मानपान चुकलं तर गाऱ्हाणं घालून माफी मागतो, आणि यांनी त्याला काय दिलं? छातीत पातं. मला तर त्या सीननंतर नाईट किंगपेक्षा लीफची जास्त भीती वाटली, कारण ती इतकी गोड दिसते आणि सांगतानाही तिचा आवाज चढत नाही.

बांबर्डेकर

लीफच्या बाजूने कोणी बोलणारच नाही का इथे?

आमच्या गावाला देवराई आहे. आत वाळून पडलेली काठीसुद्धा कोणी घरी आणत नाही, काही करायचं असेल तर आधी देवाला कौल लावतात, कळे चिकटवून, आणि कौल मिळाला तरच. त्या राईतल्या झऱ्यावर खालच्या वाडीचं पाणी चालतं, मे महिन्यातही आटत नाही. आता समजा उद्या बाहेरून माणसं कुऱ्हाडी घेऊन आली आणि राई आडवी करायला लागली, वर आपली माणसंही मारायला लागली, तर आपण काय करू? वीअरवूडची झाडं म्हणजे चिल्ड्रन ऑफ द फॉरेस्टचे देव, चेहरे कोरलेले, त्या झाडांतून ते बघायचे, आणि फर्स्ट मेन, म्हणजे तिथे पहिल्यांदा आलेली माणसं, येऊन ती तोडत सुटले. आपण सगळे त्या बांधलेल्या माणसासाठी हळहळतोय आणि हळहळायलाच हवं, पण त्याच्या कुऱ्हाडीने किती झाडं पडली असतील तेही धरा ना.

आणि लीफने त्याची किंमत चुकवली. त्याच भागात, भुयारात, ब्रॅनला पळायला वेळ मिळावा म्हणून ती एकटी मागे थांबते आणि स्वतःसकट मेलेल्यांना उडवते. आपणच बनवलेल्या सैन्यापुढे उभी राहिली ती. तिच्यावर एवढा राग नको.

खाडीपलीकडचा

बांबर्डेकर, तुमचं वाचून मी तो सीन परत लावला. राग थोडा उतरला, खरंच. पण तरी मी म्हणेन की झाडं वाचवायला लढणं वेगळं आणि एका माणसाचं माणूसपण काढून घेणं वेगळं. लढाईत मारला असता तर मी काही बोललो नसतो.

जत्रेतलो प्रेक्षक, तुमचा मुद्दा डोक्यातून जात नाहीये. त्यात एक जोडतो. आठव्या सीझनच्या दुसऱ्या भागात ब्रॅन सांगतो की नाईट किंगला न संपणारी रात्र हवीय, हे जग पुसायचंय, आणि ब्रॅन म्हणजे या जगाची आठवण, म्हणून तो ब्रॅनच्या मागे आहे. मला वाटतं ज्याचं स्वतःचं सगळं पुसलं गेलं, नावसुद्धा, तो दुसऱ्या कोणाची आठवण का शिल्लक ठेवेल?

सड्यावरची

हे तू जोडतोयस दादा, मालिकेत कुठेही असं म्हटलेलं नाही. पण चांगलं जोडलंयस, मान्य. असा एक सीन असता ना, अगदी अर्ध्या मिनिटाचा, तर मी पण माझं मत बदललं असतं.

मला त्या भागातलं दुसरं एक आवडलं त्यावर कोणी बोललं नाही. तेच झाड, तीच दगडांची मांडणी आधी हिरव्यात दिसते आणि नंतर ब्रॅन एकटाच तिथे जातो तेव्हा सगळं बर्फाखाली आणि मेलेल्यांची फौज रांगेत उभी. आणि ती चक्राकार मांडणी तो सोडतच नाही, तिसऱ्या सीझनला मेलेले घोडे तसेच मांडलेले, आठव्या सीझनच्या पहिल्या भागात अंबर घराण्याच्या छोट्या मुलाला भिंतीला खिळवून भोवती हात लावलेत ते पण तसेच. तुला त्याची बाजू ऐकायची होती ना, मग ही खूण बघत जा, तो एवढंच बोलतो.

शिरोड्याची

अगं हो! आणि सातव्या सीझनचा चौथा भाग, ड्रॅगनस्टोन बेटावरच्या गुहेत जॉन राणी डेनेरिसला भिंतीवरची चित्रं दाखवतो, त्यातही ती चक्रं आहेत. म्हणजे ती खूण मुळात चिल्ड्रनची. त्यांचीच पूजेची खूण घेऊन तो त्यांना मारत फिरतोय. पुढे त्याच भिंतीवर फर्स्ट मेन आणि चिल्ड्रन एकत्र उभे राहून व्हाइट वॉकरशी लढताना दाखवलेत, कालपर्यंत एकमेकांना कापणारे.

देवगडकर, भावाला तो भाग दाखवशील तेव्हा गुहेच्या सीनला थांबवून भिंत नीट बघायला सांग त्याला, आणि मग त्याचं भीतीचं मत काय होतं ते इथे येऊन लिही.