मदत हवी आहे: पुणे सेवासदन आणि १९२१ चा मताधिकार

रमाबाई रानड्यांनी १९०९ मध्ये सुरू केलेल्या पुणे सेवासदन या बायकांच्या शिक्षणसंस्थेवर कॉलेजसाठी प्रोजेक्ट करतेय. मुंबई इलाख्यात १९२१ मध्ये बायकांना मत मिळालं, पण अट मालमत्तेची किंवा कर भरण्याची, म्हणजे ज्या विधवा सेवासदनात शिकून नर्स, मास्तरीण झाल्या, पगार मिळवायला लागल्या त्यांच्यातल्या बहुतेकींच्या नावावर घर कुठलं असणार!

रमाबाईंच्या आठवणी त्यांचे पती न्यायमूर्ती रानड्यांच्या निधनाशी, १९०१ लाच थांबतात, त्यामुळे इथे उपयोग नाही, नेटवर सगळीकडे तेच तेच चार परिच्छेद. पुण्यातच राहते, मोडी येत नाही, मराठी-इंग्रजी छापील काहीही चालेल. आता नेमकं विचारायचं तर, त्या काळातल्या पुण्याच्या मतदारयाद्या, बायकांच्या नावांसकट, कुठे बघायला मिळतात आणि परवानगी कोणाकडे मागायची?