तीस हॅशटॅगांपेक्षा पाच नेमके बरे

इन्स्टाग्रामवर पैठणीची पोस्ट टाकताना तीसच्या तीस हॅशटॅग भरा असा सल्ला दिला जायचा, तो मला कधी पटला नाही. इन्स्टाग्रामनेच २०२१ मध्ये तीन ते पाच नेमके वापरा असं सांगितलं होतं. येवल्याच्या विणकराची पैठणी #फॅशन मध्ये हरवून जाते. #येवलापैठणी किंवा #हातमागपैठणी शोधणारी बाई बहुधा साडी घ्यायच्याच विचारात असते. (माल यंत्रमागाचा असेल तर हातमाग कृपा करून लिहू नका, विणकरांच्या पोटावर पाय येतो.) आणि पोस्ट टाकण्यासाठी विक्रेत्याकडून पैसे किंवा फुकट साडी घेतली असेल तर #जाहिरात सुरुवातीलाच, ठळक दिसेल असं हवं. जाहिरात मानक परिषदेच्या, म्हणजे एएससीआयच्या, २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ते हॅशटॅगांच्या गर्दीत दडवलेलं चालत नाही. छोट्या खात्यांना हे सांगायला सहसा कुणी एजन्सी नसते, म्हणून मुद्दाम लिहितेय.