अंदाज 'येतो' की अंदाज 'घेतो'?

धंतोलीकर : नागपूरच्या कळमना बाजारातल्या संत्रा व्यापाऱ्यांवर लिहितो आहे. बगीच्यात एक फेरी मारायची, झाडं नुसती नजरेखालून घालायची आणि झाडावरच्या सगळ्या मालाचा उक्ता सौदा ठरवून इसार द्यायचा. या ओळखीला काय म्हणावं? 'अंतःप्रेरणा' लिहिलं, पण मनाला पटेना.

महालकर : अटकळ. सरळ आहे.

काटोलकर : अटकळ चालेल, पण ती हलकी वाटते. या माणसाचे लाखो रुपये लागलेले असतात. 'अंतःप्रेरणा' तर नकोच, भाऊ. प्रेरणेला कोणी कारण विचारत नाही. आमच्याकडे येणाऱ्या व्यापाऱ्याला विचारा, तो कारणं सांगतो: फांद्या किती लवल्या, पानावर तजेला आहे का, खाली गळ किती पडली, बहार कोणता, म्हणजे फुलोऱ्याचा हंगाम आंबिया की मृग. फक्त सांगायला त्याला वेळ लागतो, पाहायला लागत नाही. याला आमच्याकडे 'आडाखा' म्हणतात, आणि आडाखा बांधावा लागतो.

खरी गंमत 'अंदाज' या शब्दात आहे. अंदाज येतो आणि अंदाज घेतात, दोन्ही आपण म्हणतो. आपसूक येणारा आणि मुद्दाम घेतलेला, दोघांना एकच शब्द! तुमच्या लेखाचा विषय या दोन क्रियापदांतच आहे.

धंतोलीकर : मग आलेल्या अंदाजावर भरवसा कधी ठेवायचा?

काटोलकर : डॅनियल कानमन आणि गॅरी क्लाईन या दोन मानसशास्त्रज्ञांची या बाबतीत मतं विरुद्ध होती. 2009 मध्ये दोघांनी मिळून लेख लिहिला. त्यांचं म्हणणं असं की जिथे गोष्टी ठरावीक रीतीने घडतात आणि आपलं कुठे चुकलं ते पुन्हापुन्हा कळत राहतं, तिथेच अनुभवी माणसाचा अंदाज विश्वासाचा.

झाडावर माल किती, हे तोडणीनंतर काट्यावर कळतंच. दर हंगामात ताळा मिळतो, म्हणून ती नजर तयार होते. ('ठोकताळा' या शब्दातही तोच गणिताचा ताळा आहे.) पण फेब्रुवारी-मार्चात मृगाच्या तोडणीवेळी गारपीट होईल का, बाजारात भाव काय राहील, हे नजरेला कसं कळणार? तिथे कागद-पेन घेऊन साधकबाधक विचारच हवा. मुरलेले व्यापारी हेच ठेचा खाऊन शिकतात.

महालकर : म्हणजे तुम्हाला 'तारतम्य' म्हणायचंय. तर आणि तम, अधिक आणि सर्वाधिक, यांवरून आलेला शब्द. लोक त्याला मधला मार्ग समजतात. तसं नाही, कुठे कशाला किती वजन द्यायचं, ते तारतम्य.

काटोलकर : अगदी बरोबर जी. आणि 'मन घेत नाही' हेही लेखात घ्या. हिशेब जमतो, भाव पटतो, तरी माणूस इसार न देता गाडीत बसतो. त्याला लगेच मूर्खात काढू नका, 'काय खटकलं?' एवढं विचारा. बरेचदा एखादी गोष्ट, जसं विहिरीला पाणी कमी असणं, त्याने पाहिलेली असते.

धंतोलीकर : वाक्य बदललं : 'मालाचा अंदाज त्यांना येतो, भावाचा मात्र ते घेतात.'

महालकर : हे छापा.