गोदावरीची वाळू क्लॅमच्या टँकला नको

भाऊ, क्लॅमच्या, म्हणजे मोठ्या समुद्री शिंपल्याच्या टँकमध्ये गोदावरीची वाळू धुऊन वापरू का विचारलंय तुम्ही, नकाच वापरू. आपल्याकडची वाळू बेसाल्टची, काळपट, ती कॅल्शियम काही देत नाही वर लोखंडाचे कण असतात. अ‍ॅरागोनाइटच घ्या, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटची वाळू, १-२ मिमी दाण्याची, एकदम पिठीसाखरेसारखी बारीक नको कारण पॉवरहेड (पाणी फिरवणारा पंप) चालू केला की उडते आणि क्लॅमच्या मँटलवर (शिंपल्याबाहेर पसरणाऱ्या मऊ मांसल भागावर) जाऊन बसते, मग तो उघडतच नाही नीट. थर दीड-दोन इंच पुरे. आणि क्लॅमच्या जातींपैकी मॅक्सिमा, क्रोसिया तर वाळूवर नकोच, ते दगडाला धरून बसणारे, डेरासा, स्क्वामोसा चालतात, पण खाली एक चपटा दगड पुरून ठेवा, क्लॅमचा पाय त्याला चिकटतो. बाकी मॅक्सिमा-स्क्वामोसा आपल्या वन्यजीव कायद्यात संरक्षित आहेत, कागद बघितल्याशिवाय घेऊ नका बरं का.