समुद्रतळाशी जीव जन्मला? मला तरी पटत नाही

रसायनी: खोल समुद्रातल्या गरम झऱ्यांत जीवाची सुरुवात झाली, हे हल्ली निकाल लागल्यासारखं सांगितलं जातं. अडचण पाण्याचीच आहे. प्रथिनांचे घटक असलेल्या अमिनो आम्लांची साखळी बनताना दर जोडामागे पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो. चहूकडे पाणीच असेल तर क्रिया उलटी फिरते. जमिनीवरचं गोड्या पाण्याचं डबकं मात्र वाळतं आणि पुन्हा भिजतं; वाळताना साखळी लांबते, भिजताना रेणू नव्याने मिसळतात. शिवाय पहिल्या पेशींचं आवरण ठरू शकतील असे साध्या मेदाम्लांचे फुगे समुद्रात टिकत नाहीत. कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे त्यांचा साका होतो, जड पाण्यात साबणाचा होतो तसा.

तळठाव: असहमत. साखळ्या झाल्या, पण त्यांना ऊर्जा कोण देणार? आजच्या जवळजवळ सगळ्या पेशी पडद्याच्या दोन बाजूंमधल्या प्रोटॉनच्या (हायड्रोजनच्या धनभारित कणांच्या) संख्येतल्या फरकावर चालतात. 2000 साली अटलांटिकच्या तळाशी सापडलेल्या 'लॉस्ट सिटी' या गरम झऱ्यांच्या जागेसारख्या ठिकाणी तो फरक आयता मिळाला असता. तिथलं पाणी 40 ते 90 अंशांचं, पीएच 9 ते 11, म्हणजे अल्कधर्मी. आदिम समुद्र कार्बन डायऑक्साइडमुळे किंचित आम्लधर्मी असावा. मधल्या छिद्राळ भिंतीच्या दोन बाजूंना पीएचचा फरक 3 (दर पायरीला दहापट) धरला तरी प्रोटॉन हजारपट! वर हायड्रोजन फुकट. आणि मिठाचं म्हणाल तर 2019चा प्रयोग बघा. एकाच मेदाम्लाऐवजी 10 ते 15 कार्बनच्या रेणूंचं मिश्रण घेतलं, तेव्हा समुद्राइतक्या खारट पाण्यात 70 अंशांना फुगे झाले.

रसायनी: झाले, पण तीव्र अल्कलीत. तिथे आरएनए, म्हणजे आनुवंशिक माहिती वाहणारा डीएनएचा भाऊबंद रेणू, तुकडे होऊन पडेल, त्याचं काय? 2009 मध्ये रसायनशास्त्रज्ञ सदरलँड यांच्या गटाने सायनामाइड, ग्लायकोलाल्डिहाइड वगैरे साध्या रेणूंपासून आरएनएचे दोन घटक बनवले. त्यात अतिनील किरणं लागली. ती समुद्रतळापर्यंत पोचतात का?

तळठाव: त्याच प्रयोगात फॉस्फेट सढळ हाताने घातलं होतं आणि प्रत्येक टप्प्याला हवा तो पदार्थ हव्या त्या वेळी. डबक्यात ही वाढप्याची कामं कोण करणार होतं?

अश्मवेडा: दोघेही खडक विसरलात. ऑस्ट्रेलियात पिलबारा या भागामध्ये 3.48 अब्ज वर्षांपूर्वीचे जीवाणूंचे थर आहेत. तिथेच जमिनीवरच्या गरम झऱ्यांचे निक्षेपही मिळाले.

रसायनी: हेच म्हणतोय मी!

अश्मवेडा: घाई नको. त्या वेळी जीवाणू चांगले रुळलेले होते. सापडला तो राहण्याचा पत्ता, जन्माचा नव्हे. 4 अब्ज वर्षांपलीकडचे खडक जवळपास उरलेलेच नाहीत. त्याआधीचे हाती लागतात ते मुख्यतः झिरकॉन या टिकाऊ खनिजाचे कण. त्यांवरून तेव्हा पाणी होतं हे कळतं. जीव खाऱ्या पाण्यात जन्मला की गोड्या, हा तुमचा मूळ वाद त्यांनी सुटत नाही.